शिडीचे तीन तुकडे, दोन दोऱ्या

अमेरिकेहून परत आल्यावर पहिले आठ-दहा दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न होता, काय काय बघितलं? धबधबा बघितला का, उंच इमारती बघितल्या का? मी खरं ते सांगायचो, की मी जास्त करून झाडं बघितली. मग माणसं ‘हां हां’ म्हणायची आणि चहाकडं वळायची. त्यांचंही बरोबर होतं. दीड महिना परदेशात राहून आलेला माणूस झाडाच्या बुंध्यावर बोलायला लागला, तर ऐकणाऱ्यानं करायचं काय? पण त्यातले पाच दिवस असे गेले, की ते नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी वीज खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होतो. कराड-पाटण पट्ट्यात मी चढलो नाही असा डांब क्वचितच असेल. डांब म्हणजे विजेचा खांब. आमच्याकडं सगळे डांबच म्हणतात. मुलगी सायली पुण्यात इंजिनिअर झाली, लग्न करून अमेरिकेला गेली आणि आता ओहायो राज्यात डब्लिन नावाच्या गावात सॉफ्टवेअरचं काम करते. जावई निनाद पुण्याचा, मऊ स्वभावाचा, अंडंसुद्धा न खाणारा. आमच्या मंडळींचे गुडघे विमानाला तयार नव्हते, म्हणून दिवाळीला मी एकटाच गेलो.

डब्लिन

दिवाळी होऊन दोन दिवस झाले होते. निनाद हळूच म्हणाला, “अण्णा, जरा गॅरेजमध्ये येता?”

गॅरेजमध्ये गाडीच्या जागी सामान पसरलेलं होतं. दोऱ्या, पट्टे, बकल, लोखंडी चौकटी, आणि भिंतीला टेकवलेलं चाकं लावलेलं धनुष्य. सायली फोनवर आम्हाला ‘आर्चरी’ करते असं सांगायची. आम्हाला वाटायचं, रंगीत गोल फळ्यावर बाण मारत असेल. ती हरणं मारते हे मला त्या गॅरेजमध्ये कळलं.

आपल्याकडं हरणाला हात लावला तर माणूस तुरुंगात जातो. तिकडं त्याचा परवाना मिळतो, हंगाम ठरलेला असतो, आणि मारलेलं जनावर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सरकारला कळवावं लागतं. हरणं अंगणात येतात. सायलीनं दिवाळीसाठी लावलेला झेंडू त्यांनी एका सकाळीच साफ केला होता. तरी मला ते पचायला वेळ लागला.

निनाद म्हणाला, “हरणाचं मी आता काही बोलत नाही. मला भीती झाडाची आहे. ती एकटी वीस-वीस फुटांवर जाऊन बसते. मी सांगून ऐकत नाही, अण्णा. तुम्ही जन्मभर चढलात. तुम्हीच बघा जरा.”

एवढ्यात सायली आली. मी तिथं उभा आहे हे बघून ती थोडी वरमली, पण मग मांडी घालून बसली आणि एकेक वस्तू दाखवू लागली. हरीण वाऱ्यावरून वास घेतं, जमिनीवरचं माणूस त्याला चटकन कळतं, म्हणून वर बसायचं. जंगल सरकारी असल्यामुळं मचाण कायमचं ठेवता येत नाही आणि झाडाला एक खिळासुद्धा मारता येत नाही. शिवाय एकाच झाडावर रोज गेलं, की हरणं तो रस्ताच सोडतात. म्हणून सगळा संसार पाठीवर घेऊन जायचं, चढायचं, बसायचं, उतरायचं, सगळं सोडवून परत आणायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं झाड. याला ते मोबाइल शिकार म्हणतात. फोनचा काही संबंध नाही.

चढायचे तीन प्रकार तिच्याकडं होते. एक ऑफिसमधल्या मित्राकडून आणलेला क्लाइंबर: बुंध्याला मिठी मारणाऱ्या दोन चौकटी, एकीवर बसायचं, एकीवर पाय. बसून वरची सरकवायची, उठून खालची ओढायची, असं सुरवंटासारखं वर जायचं. दुसरा प्रकार शिडीच्या तुकड्यांचा. हातभर लांबीचे चार तुकडे पट्ट्यानं एकावर एक बुंध्याला आवळायचे आणि वर गेल्यावर सॅडलमध्ये, म्हणजे कमरेखाली घेतलेल्या रुंद पट्ट्यात, झाडाकडं तोंड करून लटकून बसायचं. तिसरा प्रकार सायलीच्या मनात भरलेला. एकच तुकडा घ्यायचा. त्यावर चढायचं, दोरीला लटकायचं, खालचा तुकडा सोडवून वर बांधायचा, पुन्हा चढायचं. उतरताना नुसतं दोरीवरून घसरत यायचं.

“वजन किती कमी होतं बघा,” ती म्हणाली. “सगळं एका छोट्या बॅगेत.”

मागच्या अंगणातल्या मेपलवर तिनं ते करून दाखवलं. शेजारची बाई कुत्रं घेऊन थांबून बघत राहिली. सायलीचे हात चपळ होते, मला अभिमान वाटला. पण पहिल्या तुकड्यावर चढताना तिच्या कमरेला काहीच नव्हतं.

“तू कुठं बांधलीयस?” मी विचारलं.

“वर गेल्यावर बांधते ना. खाली असताना काय, पाचच फूट.”

“वर पोचलेला माणूस सहसा पडत नाही. पडतो तो जाता-येता.”

“यार अण्णा, तुम्ही एकदम सेफ्टी ऑफिसर झालात.”

सामान आवरताना एक न फोडलेलं पाकीट माझ्या हाताला लागलं. आत जाड दोरी, दोन्ही टोकांना कडी. वरची इंग्रजी अक्षरं मी लावून वाचली: लाइनमन्स रोप. मी पुन्हा वाचलं. बुंध्याभोवतून घेऊन कमरेला दोन्हीकडं अडकवायची ही दोरी आमच्याच धंद्यातली होती. सातासमुद्रापलीकडच्या शिकाऱ्यांनी तिला आमचंच नाव ठेवलं होतं, आणि माझ्या मुलीनं ती फोडली नव्हती.

“ती घेतली की स्लो होतं सगळं,” ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, “मी चार दिवस सुट्टी टाकलीय. तुम्हीपण चला. घरी बसून घाबरण्यापेक्षा बघा तरी.”

डेलचं घर

डब्लिनपासून आग्नेयेला दोन तास गाडी चालवली, की सपाट मका संपतो आणि टेकड्या सुरू होतात. नोव्हेंबरची सुरुवात होती. ओकची पानं तांबूस होऊन अजून झाडावर होती, बाकीच्यांची खाली पडली होती. पाटणच्या डोंगरात पानगळ होते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. इथं थंडीनं झाडं उघडी होत होती. निनादनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती आम्ही गाडीतच संपवली.

मी सायलीला विचारलं, “हे तुला लागलं कशापायी?”

ती रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली, “मागच्या वर्षी आमची अर्धी टीम कमी केली. मी राहिले. पण मला झोप लागेना. सारखं वाटायचं, कोणीतरी मेसेज करेल. झाडावर चार तास कोणी काही विचारत नाही, अण्णा. आणि मटण तर आपण खातोच. एकदा तरी आपल्या हातानं करावं असं वाटलं.”

तिची झोप उडाली होती हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

डेल हा सत्तरीचा माणूस. ट्रक चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली. सरकारी जंगलाला लागून त्याची थोडी जमीन आहे आणि तिथली एक खोली तो शिकाऱ्यांना देतो. सायली गेल्या वर्षापासून त्याच्याकडं उतरते. तो उजव्या पायानं लंगडत बाहेर आला, माझा हात धरला, तळहाताकडं पाहिलं आणि सायलीला काहीतरी म्हणाला.

“म्हणतोय, हे हात ऑफिसमधले नाहीत,” सायली म्हणाली.

त्यानं जेवायला केलं होतं ते बघून मला हसू आलं. ताटात ठिपक्याठिपक्यांचा घेवडा होता, हुबेहूब आमच्याकडचा वाघ्या घेवडा. त्याच्याबरोबर मक्याची भाकरी, पण केकसारखी फुगलेली आणि किंचित गोड. आमटीत नावालासुद्धा तिखट नव्हतं. मी चटणीचा डबा पुढं केला. डेलनं चिमूटभर घेतली, डोळे पुसले आणि पुन्हा घेतली.

जेवताना सायलीनं त्याला एका तुकड्याची पद्धत समजावली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची मागं सरकवून विजार गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर लांब व्रण होता. आठ वर्षांपूर्वी त्यानं झाडावर बांधलेला पट्टा हंगाम संपल्यावर तसाच ठेवला होता. वर्षभर उन्हात राहून, खारीनं कुरतडून तो विरला होता. पुढच्या वर्षी त्यावर त्यानं भार टाकला आणि तो तुटला. सकाळी पडला तो दुपारी भावाला सापडला. तेव्हापासून तो खालीच, ओकला पाठ टेकून बसतो.

“उद्या सामान आत घेऊन जाऊ नका,” तो म्हणाला. “आधी हरीण कुठून चालतं ते बघा. मग झाड बघा. कशानं चढायचं ते झाड सांगेल.”

सायली मला ते मराठीत सांगत होती, पण तिला पटलेलं दिसत नव्हतं. मला मात्र तो माणूस तेव्हाच आवडला.

वाकडी झाडं

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं, डोक्यावर भगव्या टोप्या घालून, रिकाम्या हातानं जंगलात हिंडलो. सायली मला हरणाची भाषा दाखवत होती: चिखलातले खूर, नरानं शिंगं घासून सोललेली रोपटी, ओकच्या फळांचा चुरा. ओढ्याच्या वर टेकडीची एक अरुंद सोंड होती आणि तिच्यावरून हरणांची पायवाट स्पष्ट दिसत होती. जागा ठरली.

झाड मात्र मिळेना. क्लाइंबरला विजेच्या खांबासारखा सरळ, बिनफांदीचा बुंधा लागतो. असे दोन उंच पॉपलर होते, पण वाटेपासून फार लांब. वाटेजवळची झाडं सगळी वाकडी, फांद्यांची. दहा किलोचं ते धूड उगाच आणलं होतं.

एक राखाडी झाड सायलीला पसंत पडलं. खांबावर चढण्याआधी आम्ही त्याला हातोडीनं ठोकून बघतो. भरीव असेल तर आवाज घट्ट येतो, आतून कुजला असेल तर बद्द येतो. सवयीनं मी एक दगड घेऊन बुंध्यावर मारला. आवाज बद्द आला. वर पाहिलं, तर शेंड्याला साल नव्हती. ते ॲशचं झाड होतं. डेलनं नंतर सांगितलं, की कसल्याशा किड्यानं इकडचे सगळे ॲश मेलेत. उभे दिसतात, पण त्यांच्यावर कोणी चढायचं नसतं. सायलीनं तो दगड हातात घेऊन पुढची तीन झाडं स्वतः ठोकली.

शेवटी एक पांढरा ओक मिळाला. बुंधा जरा कललेला, नऊ-दहा फुटांवर एक जाड आडवी फांदी. मागं दुसरं झाड आणि पानांचा आडोसा. दुपारी आम्ही सामान घेऊन परत आलो. सायलीनं एका तुकड्यानं चढायला सुरुवात केली. फांदीपाशी दोरी अडकू लागली, तुकडा झाडावर आपटून वाजला, ती घामाघूम झाली. खाली येऊन बसली.

“फांदी ओलांडायची कशी तेच कळत नाही,” ती म्हणाली.

“मी दाखवतो.”

“अण्णा, तुम्ही त्रेसष्ट वर्षांचे आहात.”

“म्हणून तर येतं.”

तिनं मला पट्टा बांधला, दोनदा ओढून बघितला. मी शिडीचे तुकडे एकावर एक आवळत, लाइनमनची दोरी बुंध्याभोवती सरकवत चढलो. दहा फूट काही मोठी उंची नव्हे. पण पाच वर्षांनी पायाखाली काहीतरी अरुंद आलं आणि छातीशी बुंधा आला, तेव्हा अंग आपोआप ओळखीचं झालं. मी वरून बोलत होतो. “आता फांदी आली. खालची दोरी सोडायच्या आधी दुसरी दोरी फांदीच्या वरून घ्यायची.”

दुसरी दोरी, सायलीची वर बसताना लटकायची, माझ्या खांद्यावरच होती. एवढ्यात खालच्या ओढ्यात पानं वाजली आणि एक मोठा नर, शिंगं मागं टाकून, मान खाली घालून वास घेत निघाला. असं जनावर मी जन्मात बघितलं नव्हतं. मी बघत राहिलो, आणि माझ्या हातांनी सवयीनं पुढचं काम उरकलं. त्यांनी खालची कडी काढली.

“अण्णा,” सायली अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “दोरी.”

मी खाली बघितलं. दोरीचं मोकळं टोक माझ्या हातात होतं. कमरेला काहीही नव्हतं. मी बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. हरीण कधी गेलं मला कळलं नाही.

“हलू नका. तुमच्या डाव्या खांद्यावर दुसरी दोरी आहे. ती फांदीवरून घ्या. मी आहे इथं.”

तिनं एकेक हालचाल सांगितली आणि मी ती केली. कडी बसल्याचा आवाज आल्यावर ती म्हणाली, “ओढून बघा.” मी ओढून बघितलं. मग उतरलो आणि पानांत बसलो. तिनं पाण्याची बाटली दिली. दोन घोट घेऊन मी म्हणालो,

“बबन असाच गेला.”

बबन माझ्याबरोबरचा लाइनमन. सायली पाचवी-सहावीत असताना तो वारला. “बबनकाकांना शॉक लागला होता ना?” ती म्हणाली.

“मी घरी तसं सांगितलं. शॉक म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. लाइन बंदच होती. त्याला तारा धरणाऱ्या आडव्या आर्मच्या वर जायचं होतं. दुसरा पट्टा नव्हताच आमच्याकडं. एक होता तो सोडून, वर जाऊन परत बांधायचा. मी खाली उभा होतो. गावातली माणसं भोवती जमलेली, कधी येणार लाइट म्हणून विचारत होती. मी वर ओरडलो, ‘बबन, आटप लवकर.’ त्यानं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि त्याचा पाय सुटला.”

“तुम्ही आटप का म्हणालात?”

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. चौकशीतही नाही. “लोक बघत होते म्हणून,” मी म्हणालो. “दुसरं कारण नव्हतं.”

तिनं माझ्या पाठीवरची साल झटकली. मग म्हणाली, “मी पण स्वतःला तेच म्हणत असते. अंधार असताना जाते, उजाडायच्या आत वर पोचायचं असतं. आटप, आटप.”

संध्याकाळी डेलच्या ओट्यावर आम्ही सामान मांडलं. आडोसा असेल तर वीस फूट कशाला, बारा पुष्कळ, असं डेलचं म्हणणं. बारा फुटांना शिडीचे तीनच तुकडे पुरत होते, म्हणून चौथा काढला. एका तुकड्याचा नाद सायलीनं आपणहून सोडला; मोकळ्या सरळ झाडाला ते ठीक आहे, म्हणाली, या झाडाला नाही. वाचलेल्या वजनात फांदी ओलांडायची दुसरी दोरी कायमची आली. सरकगाठ घातलेली एक दोरी बसायच्या जागेपासून बुंध्याच्या तळापर्यंत सोडायचंही ठरलं, म्हणजे उतरताना पहिल्या पावलापासून बांधलेलं राहता येईल. ती गाठ हातानं ढकलली तर सरकते आणि भार पडला की आवळून धरते. डेलनं प्रत्येक पट्टा उजेडात धरून बोटांनी तपासला. आणि नवीन झाडावर पहाटे जाऊ नकोस, म्हणाला. दुपारी जा, उजेडात चढ, संध्याकाळपर्यंत बस.

ओकवरची दुपार

तिसऱ्या दिवशी दुपारी सायली चढली. मी साठ-सत्तर पावलांवर, वारा माझ्याकडं येईल अशा बाजूला, पडलेल्या ओंडक्यामागं बसलो. फांदीपाशी ती थांबली. दुसरी दोरी वर घेतली, ओढली, मग खालची सोडली. वर जाऊन स्थिर बसल्यावर धनुष्य दोरीनं वर ओढून घेतलं. बारा फुटांवर ती झाडाचाच भाग झाली. तिथं आहे हे माहीत नसतं, तर मला दिसली नसती.

तीन तास काही झालं नाही. थंडीनं माझे पाय बधीर झाले. एक खार माझ्या बुटाशी आली आणि मला शिव्या देऊन गेली. सूर्य टेकडीला लागला तेव्हा सोंडेवरून चार माद्या एकामागून एक आल्या. पहिली थांबली, हवा हुंगली, पुढं गेली. तिसरी ओकच्या खाली वळली. एक दबलेली थाप ऐकू आली, ओलं कापड दगडावर आपटावं तशी. हरीण उंच उडालं आणि ओढ्याकडं धावलं. मग सगळं शांत झालं.

बाण लागला तरी लगेच मागं जायचं नसतं. अर्धा तास थांबायचं, जनावराला शांतपणे पडू द्यायचं. पण सायली सारखी ओढ्याकडं वळून बघत होती. मी तिच्या हातांकडं बघत होतो. अर्ध्या तासानं तिनं धनुष्य खाली सोडलं. गाठ सरकवली, एक पाय खाली टाकला, थांबली, पुन्हा गाठ सरकवली. फांदीपाशी आली. वरची दोरी न सोडता खालची बांधली, ओढली, मग वरची सोडली. उजेड जात होता, हरीण कुठं पडलंय माहीत नव्हतं, आणि तरी तिनं एकही पाऊल गाळलं नाही. मी ओकखाली पोचलो, तशी ती माझ्या गळ्यात पडली. मी हरणासाठी खूश आहे असं तिला वाटलं असेल.

पानांवरच्या रक्ताच्या थेंबांवरून आम्ही गेलो. मादी ओढ्याच्या काठी पडली होती, डोळे उघडे, मानेखाली एक पिवळं पान. सायली गुडघ्यांवर बसली आणि तिच्या मानेवर हात ठेवून रडली. आमच्या गावच्या जत्रेत बोकडाला कापायच्या आधी पाणी पाजतात. इथं ती वेळ निघून गेली होती, तरी माझ्या हातात बाटली होती. मी त्या हरणाच्या तोंडात थोडं पाणी सोडलं. सायलीनं फोन केला होता म्हणून डेल त्याचा छोटा ट्रॅक्टर घेऊन मागून आला होता. हे बघून त्यानं टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी सायलीनं ते सरकारला कळवलं आणि तिनं आणि डेलनं मिळून मांस सोडवलं. मी कांदा-लसूण चटणी घालून रस्सा केला. मटणापेक्षा ते कोरडं असतं, चरबी नसते, म्हणून तेल जरा सढळ हातानं टाकलं. डेल मक्याच्या भाकरीबरोबर घाम पुसत तीनदा वाढून घेत जेवला. निनादला फोन लावला, तर त्यानं पहिलं विचारलं, “चढताना बांधलं होतं?” सायलीनं फोन माझ्याकडं दिला.

“जमिनीपासून जमिनीपर्यंत,” मी म्हणालो.

शेवटची सकाळ

सायलीचा परवाना एकाच मादीचा होता, तो संपला. निघायच्या दिवशी मात्र तिनं मला उठवलं आणि म्हणाली, “अण्णा, आज तुम्ही बसा वर. मी शेजारच्या झाडावर बसते. धनुष्य नाही, काही नाही.”

आम्ही उजाडू दिलं, मग गेलो. डेलनं आपलं जुनं सॅडल मला दिलं होतं, त्यात नवा पट्टा घालून. मी त्याच ओकवर चढलो. फांदीपाशी सायली खालून बघत होती. दोरी, ओढणं, कडी. वर जाऊन पाय बुंध्याला लावले आणि मागं रेललो. दोरीनं धरलं. सायली डेलकडून आणलेले तुकडे आणि दोऱ्या घेऊन वीस पावलांवरच्या दुसऱ्या ओकवर गेली, तिची दोरी मी इथून नजरेनं तपासून घेतली.

चौतीस वर्षं मी वर गेलो की खाली कोणीतरी वाट बघत असायचं. वर हवा कशी आहे हे बघायला मान वळवायची सोय नव्हती. आता मी मान वळवली. टेकडीच्या पलीकडं अजून एक टेकडी होती, तिच्यावर धुकं बसलं होतं. ओढ्याचा आवाज वरून वेगळा ऐकू येतो. खालच्या पानांवर दव गोठून पांढरं झालं होतं आणि ऊन लागेल तसतसं ते एकेका पानावरून जात होतं.

साडेआठच्या सुमारास एक मादी आली, मागं यंदाचं पाडस. दोघं माझ्या थेट खाली थांबली. पाडसानं ओकचं फळ तोंडात घेतलं, त्याच्या फुटण्याचा आवाज मला वर आला. मादीनं एकदा वर पाहिलं. मी श्वास धरला. तिनं कान हलवले आणि पुन्हा खायला लागली. बराच वेळ ती दोघं तिथं होती, मग आपल्या वाटेनं सोंडेवरून गेली.

मी समोर बघितलं. सायलीनं हातानं खाली बोट दाखवून विचारलं, उतरायचं का? दुपारी तिची मीटिंग होती, दोन तासांचा रस्ता होता, सगळं सामान सोडवून गाडीत भरायचं होतं.

मी तळहात दाखवला. थांब जरा.

तिनं मान डोलावली आणि ती पुन्हा मागं रेलून बसली.